पश्चिमेचा खांब

१

आमच्या जानेफळच्या मैदानावरून खो-खोचा खांब चोरीला गेला, आणि गेला तोही नको तो.

माझा भाऊ सुधाकर हे सांगायला आला तेव्हा माझा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. मी सगळी नोकरी पोलिसात काढली, बुलडाण्याहून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि दोन घास सुखाचे खायला गावी परत आले. नोकरीत बोकड चोरणारे पाहिले, देवळातली घंटा उतरवून नेणारा एक महाभाग पाहिला. जमिनीत पुरलेलं लाकूड उपटून नेणारा काही भेटला नव्हता.

"ताई, तू फक्त एकदा पाहून घे," सुधाकर म्हणाला. "पोलिसात जायचं नाही. संध्याकाळी कार्यक्रम आहे, बोभाटा नको."

कार्यक्रम संजीवनीचा होता. आमच्या गावची पोरगी, अनवाणी पळत पळत भारताच्या संघात गेली. धावता धावता खांबाला हात टाकून ती अंग झोकून द्यायची आणि पुढच्या पोरीला बोटाच्या टोकानं बाद करायची. ते पाहायला मेहकर-चिखलीहून माणसं यायची. नाव कमावल्यावर ती शहरात गेली नाही, गावातच राहून पोरी घडवल्या. आज तिच्या हाताखालच्या पोरी रेल्वेत आहेत, पोलिसात आहेत, कितीतरी घरं त्यांच्या पगारावर उभी राहिली. गेल्या श्रावणात ती कर्करोगानं गेली. आज तिचा वाढदिवस. मैदानाला तिचं नाव द्यायचं, आणि पूर्वेचा खांब, जिथून ती झेप घ्यायची तो, चौथऱ्यावर बसवून त्याला हार घालायचा, असं मंडळानं ठरवलं होतं. सुधाकर शाळेत शिक्षक, आणि या मंडळाचा सचिव.

चोरानं मात्र पश्चिमेचा खांब नेला होता.

"अंधारात चुकला असंल," सुधाकर म्हणाला. "आपला खांब वाचला हे नशीब समज."

मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

मैदानावर पोचले आणि माझं डोकं चक्रावलं. खांब उपटल्यावर खड्डा हवा ना? खड्डा नव्हता. तो भरून, पाणी मारून, तुडवून जमिनीबरोबर केलेला. एक खडा वर राहू दिला नव्हता. वरती पांढरा गोल पसरलेला. सुधाकर म्हणाला की चोरानं वर फक्की मारली. मैदानावर रेघा आखायची चुन्याची पूड, तिला आम्ही फक्की म्हणतो. त्या पांढऱ्यात एका लहान पावलाचा ठसा होता, पुढचा अर्धा, टाच नसलेला. सकाळी सरावाला आलेली कोणीतरी पोरगी पळत गेली असणार. ठसा मी सोडून दिला. कडेला मुंग्यांची रांग लागली होती, तीही सोडून दिली. हे मी नंतर स्वतःला फार ऐकवलं.

"सुधाकर, पूर्वेच्या खांबाशेजारी हा एवढा मोठा चौथरा बांधलाय. आंधळ्यालासुद्धा हात लावून कळेल की संजीवनीचा खांब कोणता. आणि पोरींच्या पायाला खडा टोचू नये म्हणून माती चाळून टाकणारा माणूस दिशा चुकेल? ज्याला जो खांब हवा होता तोच त्यानं नेलाय. काय आहे पश्चिमेच्या खांबात?"

सुधाकरनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. लहानपणी वडिलांनी काही विचारलं की तो हेच करायचा.

"काही नाही," तो म्हणाला.

२

माती चाळून टाकणारं माणूस खो-खोतलंच. म्हणून मी पहिली गेले सुवर्णाकडे. सुवर्णा संजीवनीची शिष्या, तिच्यामागं आता हीच पोरींना शिकवते. बौद्धवाड्यात कोपऱ्यावर तिचं घर. बाबासाहेबांच्या फोटोखाली सगळ्या ढाली ओळीनं मांडलेल्या, आणि मधोमध संजीवनीसोबत काढलेला फोटो. दोघी हसत होत्या.

तिनं चहा आणला. स्वतःचा कप तिनं बोटांच्या टोकांनी धरला, तळवा लागू न देता. मी ते पाहून ठेवलं.

"खांब कोणी नेला असंल, सुवर्णा?"

"मले काय माहीत, ताई? सकाळी पोट्ट्या सरावाले गेल्या तं जागेवर नाई म्हने."

"आणि फक्की कोणी मारली?"

तिच्या कपाळाला आठी पडली. हे नाटक नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं. "फक्की? फक्की तं कोणीच मारू शकत नाई. पोतं मंडळाच्या खोलीत हाय अन् चावी सुधाकरसरांजवळ. मी स्वतः काल मागतली तं म्हणले, उद्या दुपारी देतो."

"तुझे हात दाखव."

तिनं कप खाली ठेवला. हात काही दाखवले नाहीत.

"ताई, तुमी तवा गावात नव्हत्या," ती हळूच म्हणाली. "पोट्ट्या रोज त्या खांबाले वळसा घालून पळत होत्या. मले पाहवत नव्हतं. याच्यापुढं मले नका विचारू. संजीवनीताईनं मले मानूस केलं. तिच्याबद्दल माह्या तोंडातून काही निंघनार नाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही. खांब हिनं उपटला हे आता मला कळलं होतं. पण फक्कीची चावी माझ्या भावाच्या खिशात होती.

३

"खोली उघड," मी सुधाकरला म्हणाले.

"ताई, पाहुणे यायचेत, मांडव अजून..."

"उघड म्हणते ना."

त्यानं उघडली. कोपऱ्यात फक्कीचं पोतं उभं होतं. नवं कोरं. तोंडाची शिवण तशीच. मी ते हलवलं, आजूबाजूला पांढरा कण सांडलेला नव्हता. जुनं पोतं संपून आठवडा झाला असं सुधाकर म्हणाला, आणि या खेपेला तो खरं बोलत होता.

मग मैदानावरचं ते पांढरं काय होतं?

मी परत तिथं गेले आणि गुडघ्यावर बसले. या वयात ते सोपं नाही. मुंग्यांची रांग आता जाड झाली होती, आणि एकेक मुंगी तोंडात पांढरा कण धरून चालली होती. चुना कुठली मुंगी नेते? मी चिमूट उचलली, बोटांत चोळली, जिभेला लावली. ज्वारीचं पीठ होतं. शेजारी तेलाचा डाग होता आणि तांब्या ठेवल्यासारखी ओली गोल खूण.

सकाळपासून या जागेवरून अख्खं मंडळ येरझारा घालत होतं. खेळाची माणसं, मैदानावर पांढरं दिसलं की त्यांना फक्कीच दिसणार. हेच एखाद्या घराच्या जमिनीवर दिसलं असतं तर पोरसोरानंसुद्धा ओळखलं असतं. माणूस जिथं प्राण सोडतो तिथं आपण पीठ पसरतो, जवळ दिवा लावतो, तांब्याभर पाणी ठेवतो. गेलेल्याला तहान लागली तर असावं म्हणून. आणि मग पिठात काही उमटलं का ते पाहतो.

"सुधाकर," मी बसूनच विचारलं, "या जागी कोण मेलं?"

तो माझ्यापासून चार हात लांब उभा होता. त्याचा चष्मा हातात होता आणि तो पुसतही नव्हता.

"सारिका," तो म्हणाला. "अन्नपूर्णाबाईची. पण इथं नाही, ताई. मेहकरला नेताना, गाडीत. तिला ताप होता. घरून अंगात ताप घेऊनच आली होती, कोणाला सांगितलं नाही. आठ-नऊ वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग गाडीत मेलेल्या पोरीचा दिवा इथं कोणी लावला?"

सुधाकर मांडवाकडे चालायला लागला.

४

सुवर्णानं खांब काढला, पण पीठ तिनं पसरलं नव्हतं. त्या घरात हे विधी पाळत नाहीत, आणि फक्कीचं विचारल्यावर ती खरोखर गोंधळली होती. म्हणजे माती भरून सुवर्णा निघून गेली, आणि दुसरं कोणीतरी मागं राहिलं. त्या माणसाला हे ठाऊक होतं की पोरगी गाडीत गेली नाही. हे कोणी सांगितलं असेल? त्या दिवशी मैदानावर जे होते ते इतकी वर्षं गप्पच होते. त्यातली संजीवनी तर गेली. पण मरताना माणूस एकटं नसतं, उशाशी कोणीतरी बसलेलं असतं.

संजीवनीची आई, कौशल्याबाई, दारातच बसली होती. नवं लुगडं नेसलेली. संध्याकाळी तिच्या हातानं फीत कापायची होती. मला पाहून ती थोडी सरकली आणि मला बसायला जागा केली.

"तुमी येसान हे मले वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

"कौशल्याबाई, शेवटी संजीवनी काय बोलत होती?"

म्हातारीनं तोंड अंगणातल्या तुळशीकडे वळवलं. मग बोलायला लागली, आणि मधे एकदाही थांबली नाही.

"पानी मांगे. म्या पेला तोंडाले लावला का तोंड फिरवे. म्हने, आधी सारिकाले दे. तिले सोडा म्हने, ती खांबापाशी उभी हाय, उन्हात हाय, तिले आता सोडा. म्या म्हनलं, बाई, सारिका कईच गेली. तं मले म्हने, गेली नाई माय, म्या तिले उभं केलं अन् इसरून गेली. रोज हेच. शेवटच्या दिवसापर्यंत तिनं सरळ पानी पेलं नाई. माही पोरगी तहानलेली गेली, बाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चौकशीत असं करायचं नसतं. पण आता अंगावर वर्दी नव्हती आणि समोर बसलेली बाई गुन्हेगार नव्हती.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं?"

"जिले सांगाले पायजे तिले," कौशल्याबाई म्हणाली. "परवा गेली व्हती तिच्या घरी. लय भेव वाटलं. वाटलं, मारते का काय मले. तिनं मले पाट देल्ला बसाले."

५

अन्नपूर्णाबाईचं घर गावाच्या टोकाला, सोयाबीनच्या रानाला लागून. अन्नपूर्णाबाई म्हणजे मैदानाच्या बाजूनं कधी न जाणारी बाई. बाजाराला जायचं तरी लांबचा वळसा घालायची. लोक म्हणायचे, पोरगी जिथं शेवटची खेळली ते मैदान तिला डोळ्यांसमोर नको.

दार लोटलेलंच होतं. खांब आतल्या खोलीत, भिंतीशी उभा केलेला. धुतलेला. अन्नपूर्णाबाई त्याच्याजवळ बसून शेंगा फोडत होती.

"घेऊन जाता काय?" तिनं विचारलं. "नेऊ नका. माह्या पोरीनं शेवटची मिठी याले मारली. मले नाई मारली."

मला पुढं विचारावं लागलं नाही. तिला दोन दिवसांत सगळं कळलं होतं, अर्धं कौशल्याबाईकडून आणि अर्धं सुवर्णाकडून. खांबही सुवर्णाच रात्री इथं आणून ठेवून गेली होती. उन्हाळ्याचं शिबिर होतं. सारिका खांबावर वळताना पुन्हापुन्हा चुकत होती. संजीवनीची एक शिक्षा असायची, खांबाला मिठी मारून उभं राहायचं, ती सोड म्हणेपर्यंत. खांबाशी ओळख करून घे, असं ती म्हणायची. तिच्या गुरूंनी तिलाही असंच उभं केलं होतं. त्या दिवशी राज्याच्या संघाची नावं फोनवर आली, वाद झाला, ती खोलीत जाऊन बोलत बसली. डोक्यावर भर वैशाखाचं ऊन. पोरी सावलीत बसून बघत होत्या आणि ताईच्या शब्दाबाहेर कोणाची उठायची छाती नव्हती. सारिकानं मिठी सोडली नाही. पाय गेले तरी हात खांबालाच होते.

"दहा दिवस म्या दिवा अथी लावला," अन्नपूर्णाबाई घरातल्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली. "गाडीत गेली म्हनले, मंग गाडीत कुठी दिवा लावता? घरातच लावला. पीठ तसंच्या तसं राह्यलं, काहीच उमटलं नाई. म्या म्हनलं, पोरगी माह्यावर रुसली. पन ती येईन कशी? तिले जागाच माहीत नव्हती, बाई. ती तिकडं उभी व्हती."

मी शेंगांच्या टोपलीकडे बघत बसले. मला तिच्याकडे बघवेना.

"त्या दिवशी सकायी म्या तिची वेनी घातली," ती म्हणाली. "कपायाले हात लागला माहा. थंडगार व्हतं. अन् सगळे म्हनले का तापात पोरीले पाठोलं. नवरा म्हनला, सासू म्हनली, मरेस्तोवर म्हनली. मंग मलेच वाटाले लागलं का ताप असंल, मलेच समजला नसंल. नऊ वर्सं म्या हाच हात पाहून राह्यली. तुमी तं पोलिसातल्या. मले दुसरं काही नोको, कोनाले जेलात नका टाकू. तिले ताप नव्हता, एवढं गावाले सांगा."

तापाची गोष्ट कोणी उठवली हे तिनं विचारलं नाही. मला मात्र ते विचारायचं होतं, आणि ज्याला विचारायचं तो माझ्या आईच्या पोटचा होता.

६

सुधाकर मांडवात खुर्च्या लावून घेत होता. मी त्याला बाजूला, त्या पिठाच्या जागेपाशी घेऊन गेले.

"ताप तुझ्या डोक्यातून निघाला ना?"

त्यानं एकदा आजूबाजूला पाहिलं. मग खालीच बसला, सरळ मातीत, नवा सदरा घालून.

"गाडीतच सुचलं," तो म्हणाला. "ती गेलेली होती, ताई. संजीवनी वेड्यासारखी करत होती. मी म्हटलं, हे बाहेर गेलं तर मैदान बंद होईल. बाकीच्या पोरींच्या भरतीची वेळ होती. एक तर गेलीच, निदान दुसऱ्या तरी... मला वाटलं, ताप म्हटलं की कोणाचाच दोष नाही."

"कोणाचाच नाही?" माझा आवाज चढला. "अरे, तिच्या आईचा झाला ना. नऊ वर्षं ती बाई स्वतःचा हात बघत बसलीय."

हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. खरं सांगते, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला हे स्पष्ट दिसलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही. शाळेतल्या पोरांसाठी पदरमोड करतो. तो तसा नसता तर मला एवढं रडू आलं नसतं.

"संध्याकाळी माइक तुझ्या हातात आहे," मी म्हणाले. "तू बोलशील, नाहीतर मी बोलेन."

संध्याकाळी मांडव भरला. नोकरीला लागलेल्या पोरी लांबलांबून आल्या होत्या, एक तर वर्दीतच. पाटीवर पडदा होता. सुधाकरनं प्रास्ताविकाचा कागद खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "सारिकाला ताप नव्हता."

कोणाला काही कळेना. त्यानं पुन्हा म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. मांडवात नुसत्या माना वळत होत्या. वर्दीतली पोरगी ताडकन उठली आणि ओरडली, "सर, ताईबद्दल असं बोलू नका, तिनं आमचं आयुष्य उभं केलं." आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली, कारण त्या दिवशी सावलीत बसलेल्या पोरींत तीही होती. सुवर्णानं जाऊन तिला धरलं. दोघींनाही संजीवनी आईसारखी होती, आणि दोघींनीही सारिकाला पडताना पाहिलं होतं. यातलं कुठलंच खोटं नव्हतं.

पाहुणे घड्याळ बघायला लागले. तेव्हा कौशल्याबाई पुढच्या खुर्चीतून उठली, हातातली कात्री ताटात ठेवली आणि म्हणाली, "पाटी झाकलेलीच राहू द्या. माही पोरगीही याले हो म्हनली नसती." मग तिनं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि पश्चिमेकडे चालायला लागली.

तिथं अन्नपूर्णाबाई उभी होती. मांडवात ती आली नव्हती, पण कर्ण्यातून सगळं ऐकलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिनं सगळ्यांदेखत मैदानात पाय ठेवला होता. कौशल्याबाईनं तांब्या खाली ठेवला. दोघी शेजारी शेजारी बसल्या.

मीही मागोमाग गेले होते. पीठ आता राहिलंच नव्हतं, मुंग्यांनी आणि माणसांच्या पायांनी संपवलं होतं. अन्नपूर्णाबाई त्या जागेवर हात फिरवत होती.

"फौजदारबाई," तिनं विचारलं, "म्या उजाडायच्या आधी दिवा घेऊन घरी गेली. तुमी सकायी पीठ पाह्यलं. त्याच्यात काही उमटलं व्हतं काय?"

सकाळी सरावाला पोरी आल्या होत्या. त्यातली एखादी तिथून पळत गेली होती. मला ते ठाऊक होतं, आणि समोरच्याला पुराव्याचा अर्थ समजावून सांगणं ही माझी जन्माची सवय.

"हाव," मी म्हणाले. "पाऊल होतं. लहान, पोरीचं. टाच टेकलेली नव्हती."

"म्हंजे काय?"

"म्हणजे ती पळत होती."

अन्नपूर्णाबाईनं माझ्याकडे पाहिलं. हात मातीवरच राहिला.

"मंग खांबापाशी उभी नाई ना आता ती?"

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."